मापात पाप

लिलावघरातल्या काट्यामागे तू बावीस वर्षं उभा होतास, एलादियो,
आणि तुझ्या मापात पाप नव्हतं.
हे अख्खं कांबादोस सांगेल.
ओली वाळू झटकून, फुटकी शिंपली बाजूला काढून
मगच तू आकडा बोलायचास.
मारुशा बेकरीच्या रांगेत अभिमानाने म्हणायची,
आमच्या ह्यांनी एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही कधी.
मी तिच्या मागेच असायचे,
पावाचे सुटे पैसे मोजत.

पाप बाकी सगळीकडे होतं.

उधाणाला पाणी लांब सरायचं.
आम्ही बायका गुडघाभर चिखलात, पाठी वाकवून,
तिसऱ्या वेचायचो.
भांगाच्या दिवसांत वेचणी नाही, लिलाव नाही.
तू घरी सांगायचास, काटा तपासायला जातो
आणि मागच्या गल्लीने, उंच देठांच्या कोबीतून
माझ्या दारी यायचास, बूट हातात घेऊन.
चाळीस मिनिटं.
मग साबणाने दोनदा हात धुऊन परत.

बालबिनो तेव्हा आयर्लंडच्या पल्याड, जहाजावर.
फोनवर तो फक्त हवा विचारायचा.
वारा नैऋत्येचा, मी सांगायचे, पाऊस धरून आहे.
खरं बोलायला
तेवढीच जागा उरली होती.

माझ्या कमरेला एक पितळी कडं असायचं.
त्यातून जी तिसरी निसटते ती लहान,
ती परत वाळूत टाकायची, वाढू द्यायची,
तसा कायदा आहे.
तुला सांगायचं जे जे ओठांवर आलं
ते मी त्या कड्यातून घालून पाहिलं
आणि टाकत गेले वाळूत.
वाढलं असेल तिथे. मी खणायला गेले नाही.

एकदा जानेवारीत, मोजे चढवता चढवता,
माझ्याकडे न बघता तू विचारलंस,
दोरिंदा, सुखी आहेस का?
मी म्हणाले, शुक्रवारी साडेतीन किलो भरलं, तूच तर मोजलंस.
तू हसलास. मीही हसले.
तो प्रश्न तू पुन्हा काढला नाहीस
आणि मी दर भांगाला
त्याचीच वाट पाहत बसले.

बालबिनो गेला तो घरातच, पलंगावर.
इतकी वर्षं तोंडाशी असून समुद्राने त्याला नेलं नाही.
मारुशा पुढच्या फेब्रुवारीत.
इस्पितळाच्या अंगणात कॅमेलियाचा सडा पडला होता.
मी सूप घेऊन गेले, सगळ्याच बायका नेत होत्या.
तिने झाकण उघडून वास घेतला,
परत लावलं,
आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,
त्यांना लसूण सोसत नाही.
तुला माहीतच असेल म्हणा.

मला माहीत नव्हतं, एलादियो.
चाळीस मिनिटांत कोण जेवतं?

त्या रात्री मी हिशोब मांडला, तुझ्यासारखा, वाळू झटकून.
बावीस वर्षांचे
सोळा दिवस भरले.

मग परवाच्या रविवारी, भर बाराला,
पुढच्या दाराची घंटा वाजली.
मी भांडी घासत होते. तशीच फेसाच्या हातांनी
दाराआड येऊन उभी राहिले.
पायरीवरची पावलं ओळखीची वाटेनात,
कुणी परका असेल म्हटलं.
तू बूट घातले होतेस.
खिडकीतून पाहिलं तेव्हा तू वळणावर होतास,
अंगात मयताला घालतोस तो कोट,
आणि उंबऱ्यावर बदामाचा केक, दोरीने नीट बांधलेला.

केक मी खाल्ला. चार दिवस पुरवून, एकटीने.

आज तिसऱ्या केल्या
लसूण न घालता.
बेचव झाल्या, खोटं कशाला बोलू.
ताटं दोन मांडली आहेत.
पुढच्या दाराची कडी
मी अजून काढलेली नाही.
हेही खरं.